भयाची भाषा : उड्डाणभयाच्या इतिहासाचे एक वाचन

भरताने भय हा भयानक रसाचा स्थायीभाव सांगितला आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगायला नको. मात्र नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात याच भयाचे वर्णन करताना भरत त्याला ‘स्त्रीनीचप्रकृतिक’ म्हणतो, त्या विशेषणावरून आपण वर्गात बहुधा घाईने पुढे जातो. उत्तम प्रकृतीच्या पुरुषाला उत्साह शोभतो, क्रोधही शोभतो. भय मात्र स्त्रियांचे आणि हीन प्रकृतीच्या माणसांचे, असा या वर्गीकरणाचा अर्थ होतो. हे वर्गीकरण केवळ रंगभूमीपुरते राहिले नाही. कोणी घाबरावे आणि घाबरल्याचे कोणी सांगावे, याविषयीचे संकेत प्रत्येक समाजात असतात आणि माणसे ते जन्मभर पाळत राहतात.

या संकेताचा एक अगदी आधुनिक नमुना म्हणून आम्हांला उड्डाणभयाचा विचार करावासा वाटतो. विमानविद्येचा इतिहास बहुतांशी वीर आणि अद्भुत या दोन रसांत लिहिला गेला आहे. पहिला फुगा, पहिले यंत्र, पहिला सागरपार प्रवास, अशा ‘पहिल्यां’ची ती मालिका आहे. त्याच विमानात आसनाचे हात घट्ट धरून बसलेल्या माणसाला या इतिहासात फारशी जागा नाही. त्याच्या भयाचे त्या त्या काळाने काय केले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : या भयाला प्रथम दडवले गेले, मग झाकले गेले आणि फार उशिरा बोलू दिले गेले. भय सुसह्य झाले ते या शेवटच्या टप्प्यात.

आरंभ पुराणकथांपासून करणे भाग आहे, कारण उडण्याची कल्पना यंत्राच्या कितीतरी आधीची आहे. ग्रीक कथेतील इकॅरस आपल्याला पाठ्यपुस्तकांमुळे ठाऊक असतो. बापाने सांगितलेली मधली वाट सोडून तो सूर्याजवळ जातो, पंखांचे मेण वितळते आणि तो समुद्रात पडतो. किष्किंधाकांडातील संपातीची कथा वरवर पाहता तशीच आहे, पण तिचा रोख वेगळा आहे. संपाती आणि जटायू हे भाऊ सूर्याकडे झेपावतात. जटायू तापाने व्याकूळ होतो, तेव्हा संपाती त्याच्यावर आपले पंख पसरतो. संपातीचे पंख जळतात आणि तो विंध्यावर कोसळतो. पुढे सीतेच्या शोधात निघालेले वानर त्याला भेटतात. तो त्यांना आपल्या पतनाची हकीकत सांगतो, सीतेचा ठावठिकाणा सांगतो, आणि सांगता सांगता त्याला नवे पंख फुटतात. इकॅरसच्या कथेत पतन हा शेवट आहे. संपातीच्या कथेत पतनानंतर कथन आहे आणि कथनानंतर पुन्हा पंख आहेत. हा तपशील पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावा, अशी वाचकांना विनंती आहे.

मराठी मनात ‘विमान’ या शब्दाभोवती आणखी एक अर्थवलय आहे. पुष्पक विमान सर्वांना माहीत असतेच, परंतु वारकरी परंपरेत विमान येते ते वैकुंठाला नेण्यासाठी. मुंबईच्या माणसाने खरे विमान उतरताना पाहिले, तेव्हाही हे वलय ताजे होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन येणारे एक छोटे विमान जुहूच्या धावपट्टीवर उतरवले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९३६ साली, प्रभातचा ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला. त्याच्या अखेरीस तुकाराम गरुडावर बसून आकाशात जातात आणि जिजाई जमिनीवर मागे राहते. जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर भयाचा लवलेश नाही, कारण ज्याच्या हवाली व्हायचे तो ओळखीचा आहे. आधुनिक विमानात नेमकी हीच गोष्ट नाही. प्रवासी स्वतःला ज्याच्या हवाली करतो त्याचा चेहरा त्याला दिसत नाही, यंत्र कसे चालते हे कळत नाही आणि मधेच उतरण्याची सोय नसते. उड्डाणभयाला आपण उंचीचे किंवा मरणाचे भय समजतो. पण त्याच्या गाभ्याशी अनेकदा हे अनोळखी हाती सोपवले जाणेच असते, असे आम्हांला वाटते.

इतिहासात शिरताना पहिली नोंद जमिनीवरच्या भयाची मिळते. २७ ऑगस्ट १७८३ रोजी फ्रेंच शास्त्रज्ञ जाक शार्ल यांचा हायड्रोजन भरलेला, माणूस नसलेला फुगा पॅरिसमधून सुटला आणि गोनेस गावाजवळ पडला. आकाशातून पडलेली ती धडपडणारी वस्तू पाहून गावकरी भ्याले आणि त्यांनी शेतातल्या दाताळ्यांनी ती फाडून टाकली. पुढच्याच महिन्यात मोंगॉल्फिए बंधूंनी व्हर्सायला राजासमोर एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा आकाशात पाठवला. माणसाला पाठवायची वेळ आली तेव्हा सोळाव्या लुईने शिक्षा झालेल्या कैद्यांना पाठवावे असे सुचवले होते. आरंभीचे उड्डाण राजाच्या दृष्टीने शिक्षेच्या जवळपासचे होते, हे यावरून दिसते. अखेर पिलात्र द रोझिए आणि मार्की दारलांद यांनी तो मान स्वतःकडे घेतला आणि २१ नोव्हेंबर १७८३ रोजी ते पॅरिसवरून सुमारे २५ मिनिटे तरंगले. ज्या कामासाठी कैदी शोधला जात होता, ते एका क्षणात सरदारांच्या प्रतिष्ठेचे झाले. भयाला वीरश्रीने दडवण्याची सुरुवात येथे होते.

याच वर्षातली आणखी एक घटना इतिहासग्रंथांत एखाद्या ओळीत उरकली जाते. १ डिसेंबर १७८३ रोजी शार्ल आपल्या हायड्रोजन फुग्यातून सोबत्यासह उडाले. उतरल्यावर सोबती खाली उतरला, शार्ल एकटेच पुन्हा वर गेले आणि हलका झालेला फुगा झपाट्याने सुमारे तीन हजार मीटरपर्यंत चढला. जमिनीवर मावळलेला सूर्य त्यांना वर पुन्हा दिसला. एका दिवसात दोन सूर्यास्त पाहणारा हा माणूस कानात असह्य कळ आल्याने खाली आला आणि पुढे आयुष्यात कधीच उडाला नाही. कारण म्हणून कानाचे दुखणे सांगितले जाते. ते खरेही असेल. पण ज्याने उड्डाणाचे शास्त्र घडवले त्याने उड्डाणाकडे कायमची पाठ फिरवावी, याविषयी इतिहासाला अधिक कुतूहल वाटू नये, हे बोलके आहे.

यंत्राच्या विमानाबरोबर वैमानिक आणि प्रवासी असा भेद आला. १७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेत फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल राइट यांचे विमान कोसळले. ऑर्व्हिल जबर जखमी झाले आणि सोबत बसलेले लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज मरण पावले. यंत्रचलित विमानाच्या अपघातातील हा पहिला मृत्यू, आणि तो प्रवाशाचा होता. राइट कुटुंबातही भय होतेच. दोघे मुलगे एकाच वेळी विमानात बसणार नाहीत, असा वडिलांचा, बिशप मिल्टन राइट यांचा, दंडक होता. २५ मे १९१० रोजी तो एकदाच शिथिल झाला आणि त्याच दिवशी ८१ वर्षांचे मिल्टन स्वतः ऑर्व्हिलशेजारी बसून आयुष्यात प्रथम आकाशात गेले. अजून वर ने, असे ते मुलाला सांगत होते म्हणतात. कुटुंबातल्या भयाला येथे एक नियम मिळाला होता. भयाला मोकळेपणाने मान्य करून नियम केला की ते माणसाला अडवत नाही, याचे हे साधे उदाहरण आहे.

दोन महायुद्धांनी मात्र हा मोकळेपणा संपवला. पहिल्या महायुद्धातील वैमानिकांच्या मनोविकारांना ब्रिटिश शल्यचिकित्सक ग्रीम अँडरसन यांनी १९१९ च्या आपल्या ग्रंथात ‘एरोन्युरोसिस’ असे नाव दिले. भय निदान वैद्यकाच्या कक्षेत आले. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाने ते पुन्हा नीतीच्या कक्षेत ढकलले. १९४० पासून ज्या हवाई सैनिकांनी वैद्यकीय कारणाशिवाय उड्डाण करण्यास असमर्थता दाखवली, त्यांच्यावर ‘नैतिक धैर्याचा अभाव’ असा शेरा मारला जाऊ लागला. शेरा बसला की छातीवरचे उड्डाणचिन्ह काढून घेतले जाई आणि अनेकांचा हुद्दाही जाई. हा शेरा किती जणांवर बसला यापेक्षा त्याची दहशत किती जणांवर बसली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० हवाई सैनिकांनी काम केले आणि त्यांतले ५५,५७३ मेले. ते सगळे स्वेच्छेने भरती झालेले होते. शंभरातले चव्वेचाळीस मरतात अशा कामाचे भय वाटणे हे विवेकाचेच लक्षण मानले पाहिजे. पण त्या तरुणांसमोर दोन भये ठेवली गेली, एक मरणाचे आणि दुसरे घाबरट ठरण्याचे, आणि दुसरे पहिल्यापेक्षा मोठे होईल अशी व्यवस्था केली गेली. भरताच्या वर्गीकरणातील ‘नीच’ हा शब्द येथे सरकारी कागदावर उमटला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या व्यवस्थेतील तर्कदोष साहित्याने पकडला. जोसेफ हेलर हा अमेरिकन कादंबरीकार दुसऱ्या महायुद्धात बी-२५ विमानातून ६० मोहिमांवर गेला होता. त्याच्या ‘कॅच-२२’ या १९६१ च्या कादंबरीतील नियम प्रसिद्ध आहे : वेड्या माणसाला उड्डाणातून सूट मिळते, पण ती मागावी लागते, आणि जो मागतो त्याला संकटाची जाण आहे, म्हणजे तो वेडा नाही. भय बोलून दाखवण्याची वाटच येथे बंद केलेली आहे. या कादंबरीकडे आपण विसंगतीचा आणि काळ्या विनोदाचा नमुना म्हणून पाहतो. ती उड्डाणभयाचीही कादंबरी आहे, हे नोंदवायला हवे.

शांततेच्या काळात विमान कंपन्यांपुढे वेगळा प्रश्न होता. सैनिकाला शेरा मारून बसवता येते, ग्राहकाला कसे बसवायचे? १९३० साली एलन चर्च या परिचारिकेने बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीपुढे एक कल्पना मांडली. विमानात परिचारिका असतील तर प्रवाशांना धीर येईल आणि एक तरुण मुलगी निर्धास्त वावरताना पाहून पुरुषांना आपले भय उघड करण्याची लाज वाटेल. १५ मे १९३० रोजी ओकलंडहून शिकागोकडे निघालेल्या विमानात ती पहिली हवाई सेविका म्हणून चढली. तिच्यासह नेमलेल्या आठही जणी प्रशिक्षित परिचारिका होत्या, अविवाहित होत्या, आणि त्यांच्या वयावर व वजनावर मर्यादा होती. एलन चर्च स्वतः विमान चालवायला शिकलेली होती, पण वैमानिकाचे आसन तिला मिळणे नव्हते. भय ज्या स्त्रीप्रकृतीचे मानले गेले, तिलाच पुरुषांचे भय झाकण्यासाठी कामाला लावले गेले. तिच्या हसऱ्या चेहऱ्यामागे तिचे स्वतःचे भय असेल काय, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

त्यानंतरची दोन-तीन दशके ही झाकण्याची दशके आहेत. जेवण, पेये, गादीची आसने, पुढे चित्रपट, हे सारे सुखसोय म्हणून आले आणि त्यांनी प्रवाशाचे लक्ष आकाशावरून काढून घेण्याचेही काम केले. जाहिरातींतून वेग आणि ऐट बोलत होती. भयाचा उच्चार निषिद्ध होता. मात्र त्याच काळात अमेरिकेतील विमानतळांवर नाणी टाकून त्या एका प्रवासाचा विमा देणारी यंत्रे उभी होती. विमान कंपनी ज्याविषयी गप्प होती, त्याची विक्री विमानतळाच्या कोपऱ्यात चालू होती.

हे मौन आतून फुटले ते अपघातांच्या चौकशीमुळे. ब्रिटनच्या कॉमेट या विमानाने मे १९५२ मध्ये जगातील पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली होती. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ आणि ८ एप्रिल १९५४ रोजी नेपल्सजवळच्या समुद्रावर दोन कॉमेट विमाने आकाशातच फुटली. फार्नबरो येथे विमानाचा अख्खा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुन्हा पुन्हा दाब देण्यात आला, तेव्हा धातूची थकावट हे कारण निश्चित झाले. सांगाड्याच्या पत्र्यातील कापलेल्या जागांच्या कोपऱ्यांशी ताण साचत होता. ही माहिती लपवली गेली नाही, आणि पुढच्या सर्व जेट विमानांना तिचा लाभ झाला. अपघाताची चौकशी दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी नसून पुढचा अपघात टाळण्यासाठी असते, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या नियमांत लिहिलेले आहे. विमानप्रवास आज जितका सुरक्षित आहे, त्यामागे पडलेल्या विमानांची अशी मोकळी कथने आहेत. संपातीची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये.

मौनाची किंमत सर्वांत भीषण रीतीने दिसली ती २७ मार्च १९७७ रोजी, तेनेरिफे बेटावर. धुक्यात दोन जंबो जेट विमाने एकाच धावपट्टीवर आली आणि ५८३ माणसे मेली. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका केएलएमच्या विमानातील अभियंत्याने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कप्तानाने ती ठामपणे बाजूला सारली आणि विमान धावत राहिले. ‘शंका’ हा भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक. त्या कक्षात तो भाव प्रकट झाला, पण ज्येष्ठतेपुढे टिकला नाही. यानंतर अमेरिकेत नासाने १९७९ मध्ये या विषयावर कार्यशाळा घेतली आणि पुढे जगभरच्या वैमानिकांना कनिष्ठाने शंका कशी मांडावी आणि वरिष्ठाने ती कशी ऐकावी, याचे रीतसर शिक्षण मिळू लागले. ज्या व्यवसायाने भयाला सर्वाधिक दडवले, त्यालाच भय बोलण्याचे व्याकरण तयार करावे लागले.

प्रवाशाच्या भयाला बोलण्याची मुभा मिळाली तीही याच दशकात. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या ग्रंथात मांडलेली पद्धत येथे उपयोगी पडली : शरीर सैल सोडायला शिकायचे आणि भयाच्या वस्तूकडे कल्पनेत किंवा प्रत्यक्षात पायरीपायरीने जायचे. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत पॅन ॲमचे वैमानिक कॅप्टन ट्रुमन कमिंग्ज यांनी घाबरणाऱ्या प्रवाशांसाठी वर्ग सुरू केले. अशा वर्गांत विमान कसे उडते, हवेचे धक्के म्हणजे काय, चाके आत जाताना कोणता आवाज येतो, हे सांगतात; श्वास संथ करायला शिकवतात; आणि शेवटी सगळे मिळून एक छोटा प्रवास करतात. १९९० च्या दशकात बार्बरा रॉथबाम यांनी आभासी विमानातून हाच अभ्यास करून घेतला. १९९४ च्या अमेरिकन मनोविकारसूचीत विमानप्रवासाचे भय ‘विशिष्ट भय’ या गटात आले. ‘धैर्याचा अभाव’ इथून ‘उपचार होऊ शकेल असे भय’ इथवरचे हे अंतर चोपन्न वर्षांचे आहे.

या उपचारांत माहितीला महत्त्व आहे, कारण आकाशात शरीराची साक्ष विश्वासार्ह राहत नाही. बाहेर क्षितिज दिसत नसेल तर अंतर्कर्णाला सरळ आणि कललेले यांतला फरक कळत नाही. १ जानेवारी १९७८ रोजी सांताक्रूझहून दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ रात्रीच्या अंधारात वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ जण मृत्युमुखी पडले. कप्तानासमोरचे कल दाखवणारे उपकरण बिघडले होते, आणि खाली काळोखा समुद्र असल्याने डोळ्यांना दुसरा आधार नव्हता. अनुभवी वैमानिकाच्या संवेदना जेथे फसतात, तेथे विमान जरा वळताच ‘आपण पडतो आहोत’ अशी प्रवाशाच्या शरीराने दिलेली वर्दी अंतिम मानण्याचे कारण नाही. पण ही वर्दी खोटी आहे हे कळण्यासाठी ती आधी कोणाला तरी सांगता आली पाहिजे.

साहित्यातही हे बोलणे याच सुमारास मोकळे झाले. एरिका जाँग यांच्या ‘फिअर ऑफ फ्लाइंग’ या १९७३ च्या कादंबरीचा आरंभ व्हिएन्नाला निघालेल्या विमानात होतो. त्यात ११७ मनोविश्लेषक आहेत आणि तरीही नायिका घाबरलेली आहे. तिचे भय विमानाचे आहे आणि स्वतःचे आयुष्य स्वतः चालवण्याचेही आहे. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी १९८० मध्ये या विषयावर एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा भावार्थ असा की, मर्द होऊ या आणि विमानाच्या भीतीविषयी बोलू या. मर्दानगीची व्याख्याच ते उलटी करतात. भरताच्या विशेषणाला मिळालेले हे एक उत्तर आहे, असे आम्हांला वाटते.

भय न बोलता पाळत राहिले तर काय होते, याचे उत्तर आकड्यांतही मिळते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर असंख्य अमेरिकनांनी विमान टाळून मोटारीचा रस्ता धरला. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांच्या अंदाजानुसार त्यानंतरच्या बारा महिन्यांत रस्त्यांवर सुमारे १५०० अधिक माणसे मेली. त्यांची बातमी झाली नाही, कारण ती एकेकटी मेली. विमानाचे मरण एकाच वेळी, एकाच जागी येते आणि स्मरणात राहते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला लंडनकडे निघालेले विमान वसतिगृहावर कोसळले आणि आतील २४२ पैकी २४१ जण गेले, तेव्हा आपल्याकडेही हे भय घराघरांत शिरले. अशा वेळी घाबरणाऱ्याला आकडेवारी सांगून गप्प करणे सोपे असते. ती आकडेवारी खरी असते, पण गप्प करण्यासाठी वापरली की ती नव्या रूपातला जुना शेराच ठरते.

मराठी घरांत हे भय क्वचितच आपल्या नावाने येते. ते ‘रेल्वेच बरी, चार माणसे भेटतात’ असे म्हणत येते, ‘मला कानाचा त्रास आहे’ असे म्हणत येते, ‘तुम्ही या, मुलाबाळांना घेऊन’ असे म्हणत परदेशातल्या लेकीचे बाळंतपण चुकवते. आपल्या भाषेत भयासाठी शब्दांची उणीव नाही : भीती, धास्ती, धसका, धडकी, दचक, बागुलबुवा. उणीव आहे ती हे शब्द प्रौढ माणसाच्या तोंडी शोभून दिसण्याची. त्यामुळे अशी सबब पुढे येते तेव्हा ती खोडून काढण्याऐवजी तिच्या पाठीमागचे वाक्य ऐकून घ्यावे, एवढेच या इतिहासावरून सुचवावेसे वाटते. पुढे कोणी विमानात बसेल, कोणी बसणार नाही. पण निर्णय कानाच्या नावावर न होता भयाच्या नावावर झाला, तर त्याचा पुन्हा विचार करण्याची जागा तरी राहील.